सोळा ते अठरा : सातारा व सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांस अनावृत पत्र

माननीय जिल्हाधिकारी, सातारा, आणि माननीय जिल्हाधिकारी, सांगली, यांचे सेवेशी,



दोन स्वतंत्र जिल्ह्यांच्या दोन अधिकाऱ्यांस एकच पत्र लिहिण्याचा शिरस्ता नाही. तथापि १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नावाने वेगळा निघालेला आणि १९६० साली सांगली हे नाव धारण केलेला जिल्हा मूळ जिल्ह्यापासून कागदोपत्री विभक्त झाला, तरी कृष्णाकाठच्या माणसांच्या सोयरिकी, उसाच्या तोडी आणि पोटासाठी घर सोडण्याच्या वाटा यांची वाटणी काही त्या दिवशी झाली नाही, आणि ज्या प्रश्नाविषयी मी आज लिहीत आहे तो शिरवळपासून जतपर्यंत एकाच स्वरूपात आढळत असल्यामुळे त्याची कैफियत दोन दप्तरांत वेगवेगळी मांडण्यात मला अर्थ दिसला नाही.

प्रश्न पहिल्या नोकरीचा आणि ती शोधणाऱ्याच्या वयाचा आहे. कोल्हापूर विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल लागला, गुणपत्रिका हाती पडल्या, पेढे वाटून झाले, की दोन्ही जिल्ह्यांतील उत्तीर्ण मुलांमधून एक गट निमूटपणे बाजूला निघतो. बापाने धरलेले अंथरूण, दोन-चार गुंठ्यांची जिरायत, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे न फिटलेले कर्ज, अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने ज्यांच्या घराला आणखी दोन-तीन वर्षे थांबणे परवडत नाही, परंतु ज्यांना लिहितावाचता येते, हिशेब येतो, सांगितलेले काम एकदा पाहून उचलता येते, आणि दिवसा काम करून रात्री अभ्यास करण्याची व सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देण्याची ज्यांची मनापासून तयारी असते, अशी ही पंधरा, सोळा, सतरा वर्षांची मुले व मुली होत. त्यांना कोणाकडून फुकट काही नको. त्यांना काम हवे, आणि तेही असे, की ज्याचा पगार बँकेत जमा होईल, ज्याच्या हजेरीपटावर आपले नाव असेल, आणि पुढे कोणी विचारले तर ज्याचा दाखला दाखवता येईल. अशा कामाच्या दारावर आज त्यांना सर्वत्र एकच उत्तर मिळते: वय अठरा पूर्ण असावे.

मी माध्यमिक शाळेत अध्यापन करून निवृत्त झालो आहे. माझा एक विद्यार्थी, खानापूर तालुक्यातल्या माळावरच्या गावचा, गणितात तरबेज आणि हाताचा अतिशय चपळ. त्याचे वडील वारले तेव्हा तो नववीत होता. दहावी उत्तीर्ण झाल्यावर त्याने मला सोबत येण्याची गळ घातली, आणि आम्ही दोघे एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. त्याच्या हातात प्लास्टिकची एक पारदर्शक फाइल होती. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्डाच्या झेरॉक्स प्रती आणि फोटो, असा सारा ऐवज त्याने तीत क्रमवार लावला होता. पहारेकऱ्याने दाखल्यावरील जन्मतारखेवर बोट ठेवले, मनाशी वर्षे मोजली आणि फाइल मिटून परत दिली. मी आग्रह केला म्हणून आतून एक अधिकारी आले. गृहस्थ सभ्य होते. "सर, पोरगं चांगलं दिसतंय," ते म्हणाले, "पण अठराच्या आत आम्हांला घेता येत नाही. उगाच लचांड नको. दीड वर्षानं पाठवा, मी स्वतः लक्ष घालतो." त्याच फाटकाबाहेर ठेकेदाराची माणसे ट्रकमध्ये खोकी चढवीत होती आणि त्यांतील दोघे तरी माझ्या विद्यार्थ्याहून वयाने लहान दिसत होते. त्यांचा दाखला कोणी पाहिला नसावा, कारण त्यांची नावे कोठे लिहून ठेवायचीच नव्हती.

पुढे तो मुलगा मामाबरोबर तमिळनाडूत गलाईच्या दुकानावर गेला. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या टापूंतील माणसे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय घेऊन साऱ्या भारतभर पसरली आहेत, परमुलखात त्यांनी विश्वास आणि नाव कमावले आहे, आणि त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलाची जागा भट्टी आणि तेजाब यांच्यापाशी नाही, हे त्या धंद्यातील जाणती माणसेही कबूल करतील. गावच्या जत्रेला तो आला तेव्हा त्याच्या बोटांची टोके पिवळी पडलेली मला दिसली. नत्राम्ल कातडीला लागले की असा डाग पडतो. तो धुऊन निघत नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. कारखान्याच्या स्वच्छ, उजेडाच्या खोलीत खोक्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम ज्याच्या वयाला धोक्याचे ठरले, त्याला हे काम करण्यास कोणी हरकत घेतली नाही.

आता कायदा खरोखर काय सांगतो ते पाहावे, कारण मला सर्वत्र असे आढळले, की कायद्याचा धाक पुष्कळांना आहे आणि कायद्याचे वाचन फार थोड्यांनी केले आहे. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. त्याने चौदा वर्षांखालील बालकास कोणत्याही व्यवसायात कामास लावण्यास मनाई केली (कुटुंबाच्या धंद्यात शाळेची वेळ सोडून केलेली मदत आणि बालकलावंत एवढे अपवाद ठेवून), आणि चौदा ते अठरा या वयाच्या मुलांस किशोरवयीन अशी निराळी संज्ञा देऊन, खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांपासून त्यांना पूर्णपणे दूर ठेवले. उरलेल्या कामांचे दार त्याने बंद केले नाही. उलट त्या दारातून आत आलेल्या मुलाला कसे वागवावे याचा तपशील त्याच कायद्यात आहे: सलग तीन तासांहून अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती, विश्रांतीसह दिवसाचे एकूण सहा तास, संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काम नाही, जादा वेळ नाही, आठवड्यातून एक दिवस सुटी, आणि मालकाने नाव, जन्मतारीख, कामाचे स्वरूप व वेळ यांची नोंदवही ठेवावी. वयाबद्दल वाद उत्पन्न झाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला निर्णायक मानावा, अशीही तरतूद आहे. आमच्या शाळांच्या जुन्या दप्तरांत १ जून ही जन्मतारीख किती सढळपणे लिहिली गेली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या शेवटच्या तरतुदीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

त्याहूनही जुना १९४८ चा कारखाने कायदा, ज्याची जागा आता नवी श्रमसंहिता घेत आहे, तो या बाबतीत अधिक बारकाईने विचार करून गेला होता. प्रमाणक शल्यचिकित्सकाने किशोराची तपासणी करावी, त्यास कामास योग्य असल्याचा दाखला द्यावा, त्या दाखल्याची मुदत बारा महिन्यांहून अधिक नसावी, आणि काम करताना त्या दाखल्याची निशाणी मुलाने जवळ बाळगावी, अशी त्यात तजवीज होती. आणि त्या तपासणीची फी मालकाने भरावी, ती मुलाकडून वा त्याच्या आईबापांकडून वसूल करू नये, हे वाक्यही त्या कायदेकर्त्यांना लिहावेसे वाटले होते. गरिबाच्या खिशाचा विचार करून लिहिलेले ते वाक्य मला फार मोलाचे वाटते. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या मनात सोळा वर्षांचा कामगार हा गुन्ह्याचा पुरावा नव्हता. तो जपून वाढवायचा माणूस होता.

मग मालक का भितात? त्यांचे भय मी थट्टेवारी नेत नाही. त्याला आधार आहे. बालकामगार ठेवण्याच्या गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा या दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि धोकादायक कामाला किशोर लावला तरीही शिक्षा तीच आहे. धोकादायक कोणते आणि बिनधोक्याचे कोणते याची यादी मात्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत लावलेली माझ्या पाहण्यात आलेली नाही. त्यात २०१५ चा बालन्याय कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक म्हणतो. एका कायद्याचे बालक चौदाव्या वर्षी संपते, दुसऱ्याचे अठराव्या वर्षी. अशा वेळी लहानशा कारखान्याचा मालक, ज्याच्या पदरी वकील नाही, तो दोहोंतील मोठा आकडा धरून बसतो. शिवाय आठ तासांच्या पाळीत सहा तासांचा कामगार बसवायचा म्हणजे पाळीचे वेळापत्रक मोडावे लागते, आणि तेवढा खटाटोप कशाला, असे व्यवस्थापकास वाटले तर ते मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

एक कारण याहून खोल गेले आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो असा निर्णय दिला. विलायतेतील कायद्यात अज्ञानाच्या हिताच्या नोकरीच्या कराराला मान्यता आहे. आपल्याकडे ती आली नाही. १९४९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे राज राणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला चालला. एका अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपटात काम करण्याचा करार निर्मात्याशी केला होता, तो मोडला गेला, आणि तरीही त्या मुलीला दाद मिळाली नाही, कारण अज्ञानाच्या वचनाला मोबदला म्हणून किंमत नाही आणि सबब करारच अस्तित्वात नाही, असे न्यायालयाने धरले. मुलांचे संरक्षण व्हावे म्हणून निर्माण झालेल्या तत्त्वाने त्या मुलीला हक्काच्या पैशांवाचून परत पाठवले. आजही सोळा वर्षांच्या मुलाचा पगार बुडाला तर तो नेमणुकीचा कागद दाखवू शकत नाही, कारण तसा कागद त्याला कोणी देतच नाही. आणि दिला, तर त्याचे वजन किती, हा प्रश्न उभा राहतो.

या कोंडीतून काढलेली एक सरळ वाट मात्र आपल्या कायद्यात आहे, आणि ती वापराविना पडून राहावी याचे मला अतिशय वाईट वाटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास उमेदवारी करण्यास पात्र ठरवले (धोकादायक उद्योगांसाठी ही मर्यादा पुढे अठरावर नेली, ते योग्यच झाले), अज्ञान उमेदवाराच्या वतीने त्याच्या पालकाने करारावर सही करावी असे सांगून करार कायद्याचा अडसर दूर केला, आणि तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक आस्थापनेस आपल्या संख्येच्या किमान अडीच टक्के उमेदवार घेणे आज नियमाने बंधनकारक आहे. कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ, लोणंद येथील औद्योगिक वसाहतींत या नियमाखाली येणाऱ्या आस्थापना काही थोड्या नाहीत. तेथे उमेदवार घेतले जातात. पण जाहिरातीत आयटीआय उत्तीर्ण आणि वय अठरा पूर्ण, या दोन अटी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौदाव्या वर्षी प्रवेश मिळतो. दहावीनंतर प्लंबर किंवा शिवणकला असा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणारे मूल सोळा-सतराव्या वर्षी हातात सरकारी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते, आणि ज्या शासनाने त्याला कसब शिकवले त्याच शासनाच्या डोळ्यांदेखत त्याला सांगितले जाते, की तुझे कसब अजून वयात आलेले नाही.

मालकांना दोष देताना शासनाचे स्वतःचे वर्तन दृष्टिआड करता येत नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना मोठ्या गाजावाजाने सुरू केली. बारावी उत्तीर्णास दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, आणि वयाची अट १८ ते ३५ अशी घातली. पस्तिशीच्या गृहस्थाला शिकाऊ म्हणून घेण्यास जागा निघाली. सतरा वर्षांच्या आयटीआय उत्तीर्ण मुलीला निघाली नाही. ग्रामीण रोजगार हमीचे काम प्रौढालाच मिळते. अग्निवीर म्हणून बंदूक खांद्यावर घेण्यास साडेसतरा वर्षे पुरतात, आणि अपशिंगे मिलिटरीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत तेथे पहाटे रस्त्यारस्त्यावर धावणारी मुले हे जाणून असतात. पण त्याच वयात कोठाराच्या नोंदवहीत माल उतरवून घेण्याचे काम त्यांना मिळत नाही. काही अटी रास्त आहेत हे मी नाकारीत नाही. घरपोच माल पोचवण्यासाठी गिअरची दुचाकी लागते आणि तिचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. ते तसेच असावे. रात्रपाळी, उंचीवरचे काम, रसायने, दाबयंत्रे यांपासून मुलांना दूर ठेवावे. त्यात तिळमात्र ढील नसावी. अठराची मर्यादा जेथे जिवाच्या काळजीतून आली आहे तेथे ती मला शिरोधार्य आहे. पण कागद लिहिणाऱ्याला विचार करण्याचा कंटाळा आला म्हणून जेथे ती येऊन बसली आहे, तेथून ती उठवली पाहिजे.

कारण या मर्यादेमुळे मुले कामावाचून राहिली असे झालेले नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, नियमित नोकरीचे दार अठराव्या वर्षी उघडते, आणि मधली चार वर्षे ज्याच्या घरी पैसा आहे त्याची महाविद्यालयात व शिकवणीच्या वर्गात जातात. ज्याच्या घरी तो नाही, त्याची ती चार वर्षे कोठे जातात, हे आपण एकदा दौऱ्यावर असताना गाडी थांबवून पाहावे. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ढाब्यांत मध्यरात्री टेबले पुसणारे हात पाहावेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या हंगामात हॉटेलांच्या मागच्या दारी भांडी घासणारी मुले पाहावीत. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर दिवसभर निवडणीला बसलेल्या पोरी पाहाव्यात. त्यांची मजुरी आईच्या नावावर मांडलेली असते, आणि म्हणून त्या कोठल्याच हिशेबात नसतात.

मुलींविषयी आणखी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांच्या बाबतीत या रिकाम्या वर्षांची किंमत सर्वांत जबर आहे. उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या येतात, आणि जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांतूनही माणसे तोडीला जातात. तेथे मजुरीची गणना माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. एकट्या मुलाला पुरी उचल नाही. म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकले जाते, आणि सोळा वर्षांची मुलगी, जिचे लग्न कायद्याने व्हायला नको होते आणि जिला कोणताही कारखाना कामावर घ्यायला तयार नव्हता, ती पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधू लागते. तिच्या बापाला बालविवाहाचे दुष्परिणाम ठाऊक नसतात असे नाही. पोरगी घरी बसून काय करणार, हा त्याचा प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाला आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनापाशी आज तरी उत्तर नाही. तालुक्याच्या गावी, बसच्या सोयीच्या वेळेत, सहा तासांचे सुरक्षित आणि पगाराचे काम तिला मिळाले असते, तर आणखी दोन वर्षे तिचे लग्न लांबवण्यास आईला एक सबळ कारण मिळाले असते. मी शिक्षक असल्यामुळे अशा आया मला भेटल्या आहेत. त्या हेच कारण मागत होत्या.

यावर असा आक्षेप येईल, की मोठ्या प्रयासाने बालमजुरीला घातलेला बांध मी फोडू पाहत आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे आणि त्यांना इतिहासाचा आधारही आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात वर्षांच्या पोरालाही गिरणीत नऊ तास राबवण्यास मुभा ठेवली होती. १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षे व सात तास झाली, १९२२ साली बारा वर्षे व सहा तास झाली, आणि प्रत्येक पायरीसाठी झगडावे लागले. ज्या मुंबईच्या गिरण्यांत हे घडले त्यांत सातारा जिल्ह्यातून गेलेली माणसे व त्यांची पोरे होती, हे मी विसरलेलो नाही. चौदाच्या खाली एक दिवसही जाऊ नये. २०१७ साली भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे किमान वयाविषयीचे आणि बालमजुरीच्या निकृष्टतम प्रकारांविषयीचे असे दोन्ही करार मान्य केले, ते शब्दशः पाळावे. परंतु त्याच किमान वयाच्या कराराने अठराची मर्यादा धोक्याच्या कामाला लावली आहे, सर्व कामांना नाही. आणि वर सांगितलेल्या इतिहासातही तास कमी करणे, दाखला मागणे, नोंद ठेवणे, तपासनीस नेमणे या मार्गानेच मुलांची दैना कमी होत गेली. मुलाचे नाव जेथे लिहिलेले असते तेथे तपासनीस पोचू शकतो. जेथे ते लिहिलेलेच नाही, तेथे आपले भरारी पथक कोणाला शोधणार?

आणि काम करता करता शिकण्याची गोष्ट या मातीला कोणी बाहेरून येऊन सांगावी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली ती साताऱ्यास आणली, १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यांच्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढताना त्यांनी कमवा आणि शिका हे तत्त्व उच्च शिक्षणाच्या पायाशी घातले. धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहातली मुले आपला स्वयंपाक आपण करीत, शेतात राबत, आणि त्या श्रमाची त्यांना शरम वाटू नये अशी व्यवस्था स्वतः कर्मवीर त्यांच्याबरोबर राबून करीत. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकत गावोगाव हिंडलेल्या या माणसाला पहिल्या पगाराचा अर्थ ठाऊक होता. पलीकडे औंध संस्थानातील निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसाहत उभारली तेव्हा त्यांनी तयार कारागिरांची वाट पाहिली नाही; आसपासच्या खेड्यांतली माणसे घेतली आणि त्यांतून कारागीर घडवले. आज त्याच मुलखातला सोळा वर्षांचा मुलगा अनुभव नाही म्हणून आणि वय नाही म्हणून परत फिरतो. आणि अठरा पूर्ण करून पुन्हा गेला की त्याला विचारतात, मधल्या दोन वर्षांत काय केलेस?

आपणांस विनंती करताना मी आपल्या अधिकाराबाहेरचे काही मागत नाही. वर सांगितलेल्या बालकामगारविषयक कायद्याच्या कलम १७ अ अन्वये त्याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यास अधिकार देता येतात, आणि बालकामगारविषयक जिल्हा कृती दल आपल्याच अध्यक्षतेखाली बसते. त्या दलाने छापे घालून मुले सोडवण्याचे काम जितक्या तत्परतेने करावे, तितक्याच तत्परतेने चौदा ते अठरा वयाच्या मुलांस कोणती कामे करण्यास मुभा आहे, किती तास, कोणत्या वेळी, आणि मालकाने कोणती नोंदवही ठेवली म्हणजे त्याला भय नाही, याचे आपल्या सहीचे मराठी पत्रक काढून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत, बाजार समितीत आणि माध्यमिक शाळेत लावावे. माझी अशी खात्री आहे, की एवढ्या एका कागदाने पुष्कळ फाटके उघडतील, कारण त्या सभ्य अधिकाऱ्याने मला जे सांगितले ते त्याचे मत नव्हते. त्याला कोणी निराळे लिहून दिलेले नव्हते, इतकेच. वैद्यकीय तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातील एक वार राखून ठेवावा आणि मुलांकडून त्याचा एक पैसाही घेऊ नये. उमेदवारीच्या कायद्याखाली पालकांच्या सहीने होणारे करार शाळेतच भरून घेण्याची सोय करावी, म्हणजे मुलाला आपली फाइल घेऊन दारोदार हिंडावे लागणार नाही. आणि आरंभ सहकारी संस्थांपासून करावा. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँका या आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या अभिमानाच्या संस्था आहेत, त्यांच्या बैठकांस आपण जाता, त्यांच्या अध्यक्षांना आपला शब्द मोडवत नाही. त्यांनी कोठार, प्रयोगशाळा, वाचनालय, रोपवाटिका, कार्यालय येथे सकाळी आठ ते दोन अशी किशोरांची स्वतंत्र पाळी सुरू केली, तर खाजगी कारखानदार त्यांच्या मागून येतील. कार्यप्रशिक्षण योजनेची अठराची अट बदलणे आपल्या हाती नाही हे मी जाणतो; पण ती बदलावी असा अभिप्राय दोन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून मंत्रालयास कळवला, तर तेथे त्याला वजन येईल.

दहावीचा पुढचा निकाल लागण्यापूर्वी यांतले निदान पत्रक निघावे, ही आग्रहाची प्रार्थना. ते निघाले तर मुलांना व पालकांना ते समजावून सांगणे, अर्ज भरून देणे, दाखल्यांवरील जन्मतारखांचे घोळ निस्तरण्यास मदत करणे, ही कामे दोन्ही जिल्ह्यांतील आम्ही निवृत्त शिक्षक विनामूल्य करण्यास तयार आहोत. आपल्या कचेरीतील कोणत्या शाखेकडे आणि कोणत्या वारी यावे, एवढे कृपा करून जाहीर करावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक